तेलाची तिथी

आमच्या घरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरात वर्षातून चार ठिकाणी लाल पेन्सिलीने ‘ते.’ एवढंच लिहिलेलं असे. गुढीपाडवा, आषाढी एकादशी, दसरा आणि संक्रांत. एकदा साताऱ्याहून आलेल्या आत्याने ते पाहिलं आणि ती हादरलीच. दर तीन महिन्यांनी आपल्या भावाच्या घरी कुणाचं तेरावं असतं, हे तिला कळेना. आणि असलंच तर ते नेमकं सणाच्या दिवशी का घालतात, हे तर त्याहून कळेना. शेवटी आईला पीठाचे हात घेऊन स्वयंपाकघरातून बाहेर यावं लागलं.

“अहो वन्सं, ‘ते.’ म्हणजे तेल. गाडीचं तेल बदलायचा दिवस.”

“अगंबाई! म्हणजे गाडीचं अभ्यंगस्नान म्हण की!” असं म्हणून आत्याने गाडीलाही एक नमस्कार ठोकला.

गाडी म्हणजे आमच्या अण्णांची १९६८ सालची फियाट. त्या काळी मोटार विकत घेणं म्हणजे दुकानात जाऊन पैसे मोजणं नव्हे. आधी नंबर लावायचा, मग वाट पाहायची. काही घरांत नंबर वडिलांनी लावला आणि गाडी मुलाने चालवली. अण्णांचा नंबर त्यांच्या हयातीत लागला, यातच त्यांना आयुष्याचं सार्थक वाटे. गाडी कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झाली आणि दादरला आमच्या दारात उभी राहिली. एवढ्या जवळून आलेल्या पाहुणीसाठी एवढी वाट पाहावी लागल्याचं दुसरं उदाहरण मला ठाऊक नाही.

अण्णा रोज दादरहून फोर्टात जात. जाऊन-येऊन बावीस किलोमीटर. सकाळी साडेआठला निघत, कारण त्यांच्या मते साडेआठनंतर रस्त्यावर फक्त वेडे लोक असतात. तीन महिने झाले, सण आला, की आदल्या दिवशी गाडी गॅरेजात. खालचा नट खोलायचा, जुनं तेल टोपात घ्यायचं, नवं भरायचं, काडी पुसून पुन्हा घालून पाहायची, आणि मगच दसऱ्याचा झेंडूचा हार. ‘हार नंतर, तेल आधी’ असा त्यांचा दंडक होता. आम्हा पोरांना ते महिन्यातल्या एका रविवारी एरंडेल पाजत. आमचा कोठा आणि गाडीचा कोठा यांत त्यांनी कधी भेदभाव केला नाही.

पुढे अण्णा निवृत्त झाले आणि १९८२ साली गाडीच्या किल्ल्या माझ्या हाती आल्या. मी शिकलेला माणूस. शिकलेल्या माणसाचं एक असतं, त्याला आकडा दिसला की तिथी दिसेनाशी होते. मी म्हटलं, “अण्णा, तेल हे किलोमीटरवर बदलायचं असतं, तिथीवर नाही. इंजिनाला काय ठाऊक आज एकादशी आहे ते?”

अण्णा म्हणाले, “तुला तरी कुठं ठाऊक असतं?”

हा टोला मी हसून सोडून दिला. मी आठवड्यातून चारच दिवस गाडी नेत असे. बाकीचे दिवस लोकल. तेव्हा मीटर माझ्या बाजूने होता. १९८३ चा दसरा झाला, तेल बदललं. संक्रांत आली, पाहतो तर गाडी जेमतेम हजार-बाराशे किलोमीटर फिरलेली! एवढ्यात तेल बदलायचं म्हणजे धुतलेलं धोतर पुन्हा धुवायला टाकण्यासारखं. पाडवा गेला. आषाढी गेली. मी मीटरकडे पाहून दर वेळी एका डब्याचे पैसे वाचवत होतो, आणि त्या पैशांचं काय करायचं याचे मनसुबेही रचत होतो. कॅलेंडरावर अण्णांचं ‘ते.’ मात्र नेमाने उमटत होतं. ते बोलत काही नसत.

मग १९८४ चे गणपती आले.

चतुर्थीच्या आदल्या संध्याकाळी आम्ही लालबागच्या एका कारखान्यातून घरचा गणपती आणायला गेलो. मागच्या सीटवर अण्णा, त्यांच्या मांडीवर पाट, पाटावर रुमालाने मुख झाकलेले गणराय. पुढे माझ्या शेजारी आठ वर्षांचे चिरंजीव, हातात झांजा. बाहेर पडलो आणि एका मोठ्या मंडळाची मूर्ती समोर आडवी आली. पुढे ढोल, मागे बेस्टची बस, डावीकडे हातगाडी, उजवीकडे टॅक्सी. दीड तासात आम्ही फार तर दोनशे पावलं सरकलो असू. इंजिन मात्र चालूच होतं. कारण बंद केलं की पुढची टॅक्सी नेमकी तेव्हाच सरकते, असा मुंबईचा नियम आहे.

तेवढ्यात समोरचा एक लाल दिवा लुकलुकायला लागला. तेलाचा दिवा. मी बोटाने काचेवर टिचकी मारली. आपल्याकडे यंत्रावर पहिला उपचार टिचकीचाच. “बल्ब खराब झालेला दिसतोय,” मी म्हटलं. मागून काही उत्तर आलं नाही. थोड्या वेळाने ‘टक्‌ टक्‌ टक्‌’ असा आवाज सुरू झाला. चिरंजिवांना वाटलं ढोलवाल्यांनी ठेका बदलला. त्यांनी झांजा त्या तालावर धरल्या. मग एक मोठा खडखडाट झाला आणि आमची फियाट भर लालबागेत, हजार माणसांच्या साक्षीने, कायमची शांत झाली.

लालबागची पोरं मोठ्या मनाची. त्यांनी ‘मोरया’ म्हणत गाडी कडेला ढकलली. अण्णा खाली उतरले. पाट सांभाळून धरला. तेव्हा त्यांना एकाहत्तरावं चालू होतं. म्हणाले, “तू गाडीचं बघ. मी गणपतीचं बघतो.” आणि पुढे झांजा वाजवणारा नातू, मागे पाट घेतलेले अण्णा, असे ते दोघे दादरच्या दिशेने चालत निघाले. मी घामाने निथळत बॉनेट उघडून उभा होतो. गर्दीत त्यांची पांढरी टोपी दिसेनाशी होईपर्यंत मी बॉनेटमध्ये पाहायचं सोडून तिकडेच पाहत होतो.

गॅरेजातले उस्ताद तिसऱ्या दिवशी भेटले. त्यांनी आधी तेल भरायचं झाकण उघडून मला आतली बाजू दाखवली. ताकावर लोणी यावं तसा पिवळट-पांढरा थर. मग चेंबर खाली उतरवलं. त्यात तेल असायला हवं होतं. होतं ते डांबर. पंपाची जाळी त्याने अशी लिंपलेली, की मी मी म्हणणाऱ्या गृहिणीने भिंत तशी लिंपून दाखवावी. बेअरिंगा गेल्या होत्या. उस्तादांनी बोटावर तो चिखल घेतला, वास घेतला आणि विचारलं, “तेल कब बदला था?”

मी मोठ्या आत्मविश्वासाने सांगितलं, “चार हजार किलोमीटर भी नहीं हुआ!”

“मीटर देखा?” उस्ताद म्हणाले. “घड़ी देखनी थी साब. ये गाड़ी चली कम है, खड़ी ज़्यादा है.”

इंजिनाचं काम करून घ्यायला जे पैसे लागले, त्यात अण्णांच्या तिथीप्रमाणे मी कितीतरी वर्षं तेल बदलू शकलो असतो. चूक गाडीची नव्हती, तेलाची नव्हती, गॅरेजाची तर नव्हतीच. ती सर्वस्वी माझ्या शिक्षणाची होती.

अण्णा मला त्याबद्दल कधी एक शब्दही बोलले नाहीत. फक्त कॅलेंडरावर त्या वर्षीच्या आषाढीपाशी, ‘ते.’च्या पुढे, त्याच लाल पेन्सिलीने आणखी एक शब्द आला होता. ‘राहिलं.’

पुढे मीही निवृत्त झालो. निवृत्त माणसाला प्रायश्चित्तं घ्यायला भरपूर वेळ असतो. तेल नक्की केव्हा बदलायचं, हा प्रश्न माणसाला पहिल्यांदा कधी पडला, याचा मी शोध सुरू केला. त्यात जे सापडलं ते थोडक्यात सांगतो. थोडक्यात म्हणजे, एरंडाचं गुऱ्हाळ न घालता. अर्थात एरंडाला टाळून हा इतिहास सांगता येत नाही, हेही आताच कबूल करतो.

वंगण हे आपल्याकडे मोटारीबरोबर आलेलं नाही. बैलगाडीच्या आसाला एरंडेलात भिजवलेली चिंधी लागे, आणि गाडीखाली वंगणाचं नळकांडं टांगलेलं असे. आमच्या आजोबांची गाडी होती. ते दर आठवडी बाजाराच्या आदल्या रात्री वंगण घालत. किती कोस गाडी चालली, हे त्यांनी कधी मोजलं नाही. बैलगाडीला मीटरच नव्हता. बाजाराचा वार आला की वंगण. अण्णांनी हे लहानपणी पाहिलेलं. म्हणजे तिथीची पद्धत त्यांनी शोधून काढली नव्हती. वारसाहक्काने आलेली गोष्ट त्यांनी बैलगाडीवरून फियाटला लावली, एवढंच.

१६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी गेली. त्या काळच्या रेल्वेत वंगण म्हणजे मुख्यतः जनावरांची चरबी आणि पामतेल. पंचाईत अशी, की गाडी थोडी धावली की थांबवायची, माणसाने खाली उतरून तेल घालायचं आणि मग पुढे निघायचं. ही कटकट सोडवली एलायजा मकॉय नावाच्या माणसाने. गुलामगिरीतून पळून कॅनडात गेलेल्या आईबापांचा हा मुलगा. स्कॉटलंडात इंजिनिअरिंग शिकून आला, आणि अमेरिकेत त्याला काम मिळालं ते इंजिनात कोळसा टाकायचं आणि तेल घालायचं. त्याने १८७२ साली धावत्या यंत्राला आपोआप तेल पुरवणाऱ्या उपकरणाचं पेटंट घेतलं. गाडी थांबवून तेल घालायचे दिवस संपले. पुढे मुंबईत नुसतं गाडी थांबवण्याचे दिवस आले, ती गोष्ट वेगळी.

जमिनीतलं तेल त्याआधीच वर आलं होतं. १८५९ साली अमेरिकेत पेनसिल्व्हानियामध्ये एडविन ड्रेक यांच्या विहिरीला तेल लागलं. हे काळं पाणी औषध म्हणून उपयोगी पडेल का, हे पाहायला जॉन एलिस नावाचे एक डॉक्टर पुढे सरसावले. रोग्यांना काही त्याचा गुण येईना, पण यंत्राला मात्र फार मानवतंय, हे त्यांच्या ध्यानात आलं. १८६६ साली त्यांनी दवाखाना सोडून तेलाचा धंदा काढला. रोग्यांच्या दृष्टीने वैद्यकाच्या इतिहासातला हा एक महत्त्वाचा दिवस मानायला हरकत नाही.

आणि एरंडेल? त्याचा खरा भाग्योदय मोटारींच्या काळात झाला. तापलं तरी ते आपला चिकटपणा सोडत नाही, हा त्याचा गुण. चार्ल्स वेकफील्ड यांनी १९०९ साली मोटारी आणि विमानांसाठी एरंडेल मिसळून तेल काढलं आणि एरंडेलाच्या इंग्रजी नावावरून त्याला कॅस्ट्रॉल असं नाव दिलं. पहिल्या महायुद्धातल्या अनेक विमानांची इंजिनं एरंडेलावर चालत. या इंजिनांत एकदा घातलेलं तेल परत फिरत नसे. जळून, उडून, धुराबरोबर बाहेर पडे आणि थोडंफार वैमानिकाच्या नाकातोंडात जाई. त्याचे पोटावर व्हायचे ते परिणाम होत. शत्रूच्या गोळ्या वरून आणि एरंडेल आतून, अशा दुहेरी आघाडीवर लढलेल्या त्या वीरांना आमच्या पिढीइतकं दुसरं कुणी समजू शकणार नाही.

पण पाहा, या इंजिनात तेल ‘बदलणं’ हा प्रकारच नव्हता. ते रोज संपे, रोज भरावं लागे. आपल्या दोन-स्ट्रोकच्या स्कूटरचंही तेच. पेट्रोलमध्येच तेल मिसळायचं आणि जाळून मोकळं व्हायचं. म्हणून पुणेकरांना इंजिनाचं तेल केव्हा बदलायचं याची चिंता कित्येक वर्षं शिवली नाही. धूर मागच्याच्या डोळ्यांत, त्यामुळे तीही चिंता नाही.

तेल बदलण्याची चिंता सुरू झाली ती तेच ते तेल इंजिनात पुन्हा पुन्हा फिरायला लागल्यावर. फोर्डची मॉडेल टी १९०८ साली आली. तिला तेलाचा पंप नव्हता आणि तेलाची काडीही नव्हती. आत किती तेल आहे हे पाहायचं तर चालकाने गाडीखाली शिरून दोन तोट्या उघडायच्या. वरच्या तोटीतून तेल आलं तर भरपूर आहे, खालचीतूनही आलं नाही तर देवाचं नाव घ्या. गाळणीचा तर पत्ताच नव्हता. त्यामुळे त्या जमान्यात पाचशे ते हजार मैलांवर तेल काढून टाकणं ही रीत होती. १९२३ साली अर्नेस्ट स्वीटलंड यांनी मोटारीसाठी तेलाची गाळणी काढली, आणि पुढच्याच वर्षी क्रायस्लरच्या गाडीत ती कारखान्यातूनच बसून आली. मग तेलात नाना प्रकारची औषधं मिसळू लागली. काही झीज थांबवणारी, काही आम्ल मारणारी आणि काही मळ धरून ठेवणारी. १९७४ साली अमेरिकेच्या बाजारात मोबिल वन आलं आणि प्रयोगशाळेत घडवलेली तेलं मोटारवाल्यांच्या ओळखीची झाली. मुदत वाढत गेली. आज अनेक गाड्यांच्या पुस्तकांत दहा हजार किलोमीटरचा आकडा असतो.

इथे एक गैरसमज दूर करतो, कारण तो माझाही होता. काडी काढून तेल काळं दिसलं की लोक म्हणतात, तेल गेलं. तसं नाही. मळ धरून ठेवणारं तेल लवकर काळं होतं, कारण इंजिनातली काजळी ते स्वतःच्या अंगावर घेतं. समुद्रमंथनातलं हलाहल शंकराने कंठात ठेवलं, तसलाच हा कारभार. फरक इतकाच की शंकराच्या कंठाला मर्यादा नाही, तेलाला आहे. ती मर्यादा रंगावरून कळत नाही.

मग कशावरून कळते? हाच तर माझा लालबागचा प्रश्न होता.

इंजिनात काय होतं ते पाहा. एक लिटर पेट्रोल जळलं की सुमारे एक लिटर पाणी तयार होतं. मला हे वाचून खोटंच वाटलं होतं. त्यातलं बहुतेक वाफ होऊन मागच्या नळीने जातं, पण थोडं पिस्टनच्या रिंगांना चुकवून खाली तेलात उतरतं. त्याच्याबरोबर थोडं न जळलेलं पेट्रोल, थोडी काजळी, थोडं आम्ल. गाडी पुणे रस्त्याला लागली, तेल चांगलं तापलं, की पाणी आणि पेट्रोल उडून जातं. पण घरापासून मंडईपर्यंत आणि मंडईपासून घरापर्यंत, एवढ्यात तेल नीट तापतच नाही. पाणी आतच राहतं. झाकणाखालचं ते लोणी म्हणजे हेच. याच्या उलट सिग्नलला तासभर अडकलात, की बाहेरून वारा नाही, जुन्या गाड्यांत इंजिनाच्या पट्ट्यावरचा पंखा मंद फिरतोय, आणि तेल उकाड्यात शिजत बसतं. एकदा अर्धकच्चं, एकदा करपलेलं. शहरातल्या तेलाच्या नशिबी दोन्ही येतं.

आणि या सगळ्या वेळात मीटर काय करतो? काही नाही. गाडी उभी म्हणजे मीटर उभा. ट्रॅक्टरवाले हे फार पूर्वी ओळखून आहेत. ट्रॅक्टरला तासांचा मीटर असतो, जनित्राला असतो, बोटीवरची इंजिनंही चाललेल्या तासांवर जोखतात. एका जागी उभं राहून काम करणाऱ्याची मजुरी कोसांवर ठरवायची नाही, हे तिथे सगळ्यांना मान्य आहे. मोटारीलाच तेवढा अंतराचा मीटर पुरेसा मानला गेला. रस्त्यावर आली की ती पळणारच, असा त्या काळी एक भाबडा समज असावा.

एका रात्री मी पाटी-पेन्सिल घेऊन बसलो. उदाहरणापुरता पाच हजार किलोमीटरचा आकडा धरला. मोकळ्या रस्त्यावर ताशी पन्नासने गेलात तर हे अंतर शंभर तासांत संपतं. आता माझे त्या वर्षीचे चार हजार किलोमीटर. दादर ते फोर्ट, सरासरी ताशी बारा. चार हजार भागिले बारा, म्हणजे तीनशे तेहतीस तास. मीटर म्हणत होता अजून हजार बाकी आहेत, आणि इंजिन तिप्पट पाळी करून आडवं पडलं होतं.

मग सहज अण्णांचं गणित मांडलं. दिवसाला बावीस किलोमीटर, तीन महिन्यांत कामाचे पंचाहत्तर दिवस, म्हणजे सोळाशे पन्नास. सकाळी लवकर निघत, तेव्हा त्यांचा वेग ताशी पंधरा धरला. सोळाशे पन्नास भागिले पंधरा.

एकशे दहा तास.

मी आकडा पुन्हा तपासला. तोच आला. पाडवा ते आषाढी, आषाढी ते दसरा, दसरा ते संक्रांत, प्रत्येक खेपेला मोकळ्या रस्त्यावरच्या शंभर तासांच्या आसपास. ज्या माणसाला मी इंजिनाला एकादशी कळत नाही असं सांगितलं होतं, त्याची एकादशी इंजिनाला चांगली कळत होती.

हा कागद मी अण्णांना दाखवू शकलो नाही. ते १९९१ साली गेले आणि माझं गणित सुटायला त्यानंतर बरीच वर्षं लागली. दाखवला असता तरी त्यांनी चष्मा वर करून पाहिला असता आणि म्हणाले असते, “मग? हे सांगायला तुला एवढी पुस्तकं लागली?”

आता तुम्ही विचाराल, हे सगळं झालं, पण आजच्या गाडीचं तेल केव्हा बदलायचं? सांगतो. गाडीचं पुस्तक काढा. ते बहुधा डिकीत नाहीतर पुढच्या कप्प्यात, न उघडलेल्या प्लास्टिकमध्ये असतं. पुढच्या पानावरचा मोठा आकडा पाहून समाधान मानू नका. बहुतेक पुस्तकांत आत कुठेतरी बारीक अक्षरांत ‘खडतर वापर’ म्हणून एक जागा असते. वारंवार थांबत-सुटत चालणारी गाडी, छोट्या छोट्या फेऱ्या, धूळ, फार वेळ उभ्या गाडीचं चालू इंजिन. हे वाचताना एखाद्या वाळवंटातल्या मोहिमेचं वर्णन वाटतं; प्रत्यक्षात तो अंधेरी ते दादर असा प्रवास आहे. अशा वापरासाठी मुदत कमी सांगितलेली असते, पुष्कळदा निम्मी. दहा हजार लिहिलं असेल तर आमच्यासारख्यांनी पाच हजारांवर किंवा सहा महिन्यांवर बदलावं. पंधरवड्यातून एकदा सपाट जागी, इंजिन थंड असताना काडी पाहावी. आणि तेलाचा लाल दिवा लागला तर टिचकी मारू नये. गाडी कडेला घेऊन इंजिन बंद करावं. पुढची टॅक्सी सरकली तर सरकू द्यावी.

पुस्तकातल्या आकड्यापुढे आणखी काही शब्द असतात, तेही पाहा. ‘दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते.’ या ‘किंवा’पाशी मी नेहमी थबकतो. शंभर वर्षं मैल मोजल्यावर मोठमोठ्या इंजिनिअरांनी त्या आकड्याशेजारी हळूच एक तिथी आणून बसवली आहे. हल्ली काही गाड्यांत तर संगणक असतो. इंजिन किती फिरलं, किती तापलं, याचा हिशेब ठेवून तोच सांगतो, तेल बदला. लाल पेन्सिल तेवढी त्याच्याकडे नाही.

आमची फियाट दुरुस्त होऊन आणखी बारा वर्षं चालली. तिथीप्रमाणे. मग गेली. तिच्या जातीतली मुंबईतली शेवटची काळी-पिवळी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून निवृत्त झाली, तेव्हा पेपरात फोटो आले होते. मी तो कापून त्या १९८४ च्या कॅलेंडरात ठेवला आहे.

झांजा वाजवणारे चिरंजीव आता पन्नाशीच्या घरात आहेत. त्यांनी मध्यंतरी विजेवरची गाडी घेतली. पहिल्या पाडव्याला मी सकाळी अंघोळ करून, फडकं घेऊन खाली गेलो.

“बाबा, हिला इंजिनच नाही,” तो म्हणाला. “तेल बदलायचं नसतं.”

“कधीच नाही?”

“कधीच नाही.”

मी फडकं घेऊन तसाच उभा राहिलो असणार. त्याने जरा वेळ माझ्याकडे पाहिलं, मग पुढचं झाकण उघडलं आणि एक निळ्या टोपणाची बाटली दाखवली. “काच धुवायच्या फवाऱ्याचं पाणी भरता का? ते मात्र मीच नेहमी विसरतो.”

मी भरलं. काठोकाठ भरलं. वर आलो आणि कॅलेंडरावर पाडव्याच्या चौकोनात लाल पेन्सिलीने ‘पा.’ असं लिहिलं. नात शेजारी उभी होती. तिने विचारलं, “आजोबा, ‘पा.’ म्हणजे पाडवा ना?”

मी हो म्हटलं. आषाढीला तिने पुन्हा विचारलं, की मग सांगेन.